कॅम्परच्या पोटाला गोधडी

सकाळी साडेसहाला बायकोने चहाचं आधण ठेवायला नळ सोडला. पंप नुसताच घरघरत राहिला. नळाने दोनदा फुसफुस केलं आणि गप्प झाला. बाथरूमच्या नळाचीही तीच गत. संडासाचं पेडल दाबलं, थेंब नाही. कॅम्परच्या आत वीस अंश तापमान, आमची चार वर्षांची मुलगी पांघरूण लाथाडून झोपलेली, आणि खिडकीबाहेर उणे बारा. रात्री झोपलो तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली होती.

ही दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. डेन्व्हर शहराला लागूनच चेरी क्रीक स्टेट पार्क आहे, तिथे वर्षभर कॅम्पिंग चालतं. आमचा पहिलाच हिवाळी मुक्काम, म्हणून मुद्दाम घराजवळची जागा निवडली होती. ते बरंच झालं, कारण तोंडही न धुता आम्हाला घरी परतावं लागलं.

खरी काळजी वेगळीच होती. आई-बाबांची इंदूरहून डिसेंबरची तिकिटं काढून झाली होती. बाबांनी फोनवर तीनदा बजावलं होतं, “मला तुझी ती चाकांवरची खोली बघायचीय, आणि बर्फात बघायचीय.” बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. आईचे गुडघे गेली पाच-सहा वर्षं कुरकुरतायत. या दोघांना रात्री तीन वाजता बर्फावरून चालवत सार्वजनिक संडासापर्यंत नेण्याची कल्पनाच करवेना. बेत रद्द करायचा, नाहीतर कॅम्पर थंडीसाठी तयार करायचा. हातात पाच आठवडे होते.

ज्यांनी कॅम्पर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायची बावीस फुटांची खोली. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज, मोरीएवढं बाथरूम. जमिनीखाली लोखंडी चौकट, आणि त्या चौकटीत तीन टाक्या टांगलेल्या. एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, आमची साधारण दीडशे लिटरची. दुसरी सिंक आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक टँक. या दोन घाण पाण्याच्या टाक्यांना खालून झडपा असतात. मुक्काम संपला की ठरलेल्या जागी जाऊन जाड होजपाइप लावायचा आणि झडपा उघडून टाक्या रिकाम्या करायच्या. हे काम कसं असतं ते तुमच्या कल्पनेवर सोडतो.

चौकटीच्या खालून कोरोप्लास्ट नावाचा पोकळ प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने मारलेला असतो. इथे घर विकायला काढलं की अंगणात जी पाटी रोवतात, ती याच प्लास्टिकची असते. म्हणजे वर कॅम्परची जमीन, खाली हा पत्रा, आणि मधे सात-आठ इंचांची पोकळी. टाक्या, नळ्या, वायर सगळं त्या पोकळीत. इथले लोक त्याला ‘अंडरबेली’ म्हणतात. मी आपलं पोट म्हणतो.

विकणाऱ्याने आम्हाला हा कॅम्पर ‘फोर सीझन’ म्हणून विकला होता. नंतर कळलं की या शब्दाला सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारी एक अशी व्याख्याच नाही. कुणी पोटाला पत्रा मारला की फोर सीझन म्हणतं, कुणी आत गरम हवेची नळी सोडली की म्हणतं. आमच्यात दोन्ही होतं. तरी पाणी गोठलं. का?

याचं उत्तर मला मिळालं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला, कारण मी रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या असल्याच चुका शोधतो. कॅम्परमध्ये गॅसवर चालणारी फर्नेस असते. ती पेटली की गरम हवा खोलीत येते आणि त्याच हवेचा एक फाटा खाली पोटात सोडलेला असतो. पाणी न गोठण्याची सगळी मदार त्या फाट्यावर. आता मी काय केलं? कॅम्पिंगच्या भाड्यात वीज आली, गॅस मात्र आपल्या खिशातून. म्हणून मी हुशारीने आत विजेचा छोटा हीटर लावला. खोली छान ऊबदार झाली. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने पाहिलं की वीस अंश आहेत, फर्नेसची गरजच नाही. फर्नेस रात्रभर एकदाही पेटली नाही. आम्ही वर उबेत झोपलो आणि खाली पोट बाहेरच्या हवेबरोबर थंड होत गेलं.

थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता. तो चुकीच्या जागी बसून खरं सांगत होता. आपल्याला किती गरम वाटतंय हे तो मोजतो, पाण्याला काय वाटतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पुढची सगळी कामं मी हे एकच वाक्य डोक्यात ठेवून केली: ऊब आणि मोजमाप, दोन्ही पाणी जिथे आहे तिथे हवं.

शनिवारी सकाळी कॅम्पर दारात आणून सपाट जागी लावला, चाकांना पाचर मारली, चौकटीखाली जॅकस्टँड दिले. हे सोडू नका. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. मग पाठीवर झोपून एकेक स्क्रू काढायला लागलो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर शेतीची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. ते कॉफीचा मग घेऊन आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले की पत्रा पूर्ण काढू नकोस, तीन बाजू सोड आणि चौथीवर लोंबू दे, नाहीतर परत चढवताना एकट्याला जमणार नाही. त्या एका सल्ल्याने माझा अख्खा दिवस वाचला.

पत्रा खाली आला तसं दोन-तीन लिटर पाणी माझ्या खांद्यावर आलं. पाठोपाठ उंदराचं घरटं. वाळलेलं गवत, माझ्या मुलीच्या हरवलेल्या मोज्याचा तुकडा आणि पिवळ्या स्पंजचे बारीक कण, असं सगळं साग्रसंगीत. टाक्यांच्या खाली इन्सुलेशन म्हणून चांदीसारखा चकचकीत, बुडबुड्यांचा एक पातळ कागद पसरलेला होता. तोही ओला.

या चकचकीत कागदाबद्दल जरा सांगायला हवं, कारण त्याच्यावर लोक फार विसंबतात. उष्णता अडवण्याची ताकद इथे आर-व्हॅल्यूने मोजतात. हा कागद समोर हवेची पोकळी नसताना नुसता चिकटवला किंवा पसरला, तर त्याची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास भरते. घर बांधताना वापरतात त्या गुलाबी किंवा निळ्या कडक फोमच्या बोर्डाला एका इंचाला पाच मिळतात. काचेचा कापूस, म्हणजे फायबरग्लास, स्वस्त पडतो, पण तो पाणी धरून ठेवतो आणि रस्त्यावरचं पाणी पोटात कुठून ना कुठून येतंच. ओला कापूस म्हणजे ओली गोधडी. शिवाय तो सगळी पोकळी भरून टाकतो आणि गरम हवेला फिरायला जागा उरत नाही. मी फोमचे बोर्ड घेतले. टाक्यांखाली जागा कमी, तिथे एक इंच. बाकी ठिकाणी दोन इंच.

पण बोर्ड कुठे लावायचा? माझा पहिला विचार होता की टाकीलाच चारी बाजूंनी गुंडाळून टाकावं. शेजाऱ्यांनी मान हलवली. वरच्या जमिनीतून खोलीची थोडी ऊब सतत खाली झिरपत असते. टाकी आणि जमीन यांच्यामध्ये फोम घातला, तर ती फुकटची ऊब आपण आपल्याच हाताने अडवतो. इन्सुलेशनमधून ऊब तयार होत नाही, असलेली टिकते एवढंच. म्हणून गोधडी टाकीच्या आणि गरम हवेच्या नळीच्या बाहेरून हवी, आई आणि बाळ एकाच पांघरुणात असतात तशी. बोर्ड मी कोरोप्लास्टच्या आतल्या बाजूला आणि चौकटीच्या कडांना लावले. चौकट पोलादी, आणि पोलाद उष्णता बाहेर वाहून न्यायला फार उत्साही. एक खबरदारी: फोम जळतो. फर्नेसचा धूर बाहेर पडतो त्या भागाजवळ मी त्याचा तुकडाही येऊ दिला नाही.

बोर्ड लावण्याआधी दोन दिवस पोट उघडंच ठेवून वाळू दिलं. पाणी कुठून येत होतं तेही शोधलं: बाथरूमच्या नळीचा एक सांधा थेंब थेंब गळत होता. तो बदलला. मग भोकं बुजवायला घेतली. कारखान्यात नळी घालायला दोन इंचांचं भोक लागतं तिथे कुणीतरी चार इंचांचं पाडलेलं असतं. वारा तिथूनच आत येतो, उंदीरही तिथूनच. उंदीर नुसता फोम कुरतडून आत येतो, म्हणून आधी तांब्याची जाळी कोंबली आणि वर फुगणारा फोम मारला. खरं सांगू? बोर्डांपेक्षा या भोकांनी जास्त फरक पडला असं मला वाटतं. खिडकी उघडी ठेवून दुलई कितीही जाड घेतली तरी काय उपयोग!

झडपांच्या शेजारी पत्र्याला हात जाईल एवढं एक झाकण केलं. पुढे काही बिघडलं तर सगळं पोट पुन्हा फाडायला नको. हे झाकण शेवटी भलत्याच कामाला आलं, ते सांगतो पुढे.

आता टाक्या. इथे थोडं गणित करतो, ज्यांना नको त्यांनी हा भाग सोडून द्यावा. दीडशे लिटर पाणी शून्य अंशाला आलं तरी लगेच बर्फ होत नाही. एका किलो पाण्याचा बर्फ व्हायला त्यातून सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. दीडशे किलोंचे झाले पन्नास हजार किलोज्यूल, म्हणजे साधारण चौदा युनिट वीज. टाकीतून दोनशे वॉट या वेगाने ऊब निसटतेय असं धरलं तरी पूर्ण गोठायला सत्तर तास लागतील. म्हणजे भरलेली टाकी एका रात्रीत दगड होत नाही. मग आमचं पाणी का अडलं? कारण अर्ध्या इंचाच्या नळीत पाणी असतं घोटभर. ती नळी बाहेरच्या कडेने जाते, आणि घोटभर पाणी तासा-दोन तासांत गोठतं. टाकीत दीडशे लिटर पाणी आणि नळाला थेंब नाही, ही त्या सकाळची गंमत होती. नंतर खाली झोपून हेअर ड्रायर मारत मारत मी ती जागा शोधली: पंपापासून दोन फुटांवर, वळणाचा एक कोपर.

गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. आमच्या नळ्या लवचीक प्लास्टिकच्या, म्हणून वाचल्या. पितळी सांधे, नळ आणि पंपाचं डोकं इतकं सोशीक नसतं.

टाक्यांच्या बुडाला चिकटवायचे हीटिंग पॅड मिळतात, बारा व्होल्टवर चालणारे. आतच छोटा थर्मोस्टॅट असतो. साधारण सात अंशांना पॅड सुरू होतो आणि वीसच्या आसपास बंद. टाकीच्या बुडाची जागा घासून, स्पिरिटने पुसून, खाली हवेचा एकही फुगा न राहता तो बसवावा लागतो. हे काम उन्हाच्या दुपारी करा, थंडगार प्लास्टिकवर गोंद धरत नाही. आणि टाकी रिकामी असताना पॅड चालू ठेवायचा नाही, प्लास्टिक तापून वाकतं.

पॅडचा खर्च मात्र बॅटरीला कळतो. एक पॅड पाच-सहा अँपिअर ओढतो. तीन टाक्यांचे तीन धरले तर पंधराच्या वर. आमची जुन्या पद्धतीची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी, तिच्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे तीनेक तासांत खेळ खल्लास, आणि फर्नेसचा पंखाही त्याच बॅटरीवर. दोन्ही एकदम गेले तर पहाटे पंचाईत. म्हणून विजेची जोडणी असलेल्या जागीच पॅड लावायचे असं मी ठरवून टाकलं. नव्या लिथियम बॅटऱ्या जास्त टिकतात, पण त्यांना शून्याखाली चार्ज करायचं नसतं. ती बॅटरी बाहेर हिचवर बसवली की वेगळीच डोकेदुखी.

दुर्लक्ष होतं ते झडपांकडे. बऱ्याच कॅम्परमध्ये टाक्या पोटात सुरक्षित आणि झडपा मात्र बाहेर वाऱ्यात लोंबत. झडपेच्या पातीशी चमचाभर पाणी गोठलं तरी ती हलत नाही, आणि जोर लावला तर दांडा हातात येतो. मी झडपांभोवती फोमची पेटी केली आणि आत एक छोटा पॅड टाकला. दुसरी युक्ती शेजाऱ्यांची: टाक्या रिकाम्या केल्यावर झडप लावायची आणि ग्रे व ब्लॅक टँकमध्ये दोन-दोन लिटर गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं. ते बुडाशी, म्हणजे बरोबर झडपेपाशी जाऊन बसतं. हे कॅम्परचं अँटिफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलीन ग्लायकॉलचं, ते विषारी असतं आणि चवीला गोडसर, त्यामुळे कुत्र्या-मांजरांना आणि मुलांना धोका. दोन्ही डबे गॅरेजमध्ये शेजारी ठेवू नका.

आणखी एक. ग्रे टँकची झडप उघडी ठेवून सिंकचं पाणी सरळ होजमधून वाहू द्यायचं, ही उन्हाळ्यातली सवय. हिवाळ्यात ती बारीक धार होजमध्ये थरावर थर गोठत जाते आणि सकाळी हातात बर्फाचा अजगर येतो. झडप बंद, टाकी भरली की एकदम सोडायची. आपल्या घरांत मात्र ही टाकी लवकर भरते. इथले लोक कागदावर भागवतात, आपल्याला पाणी लागतं. भांडी धारेखाली घासायची सवय असते ती वेगळीच. चार माणसांच्या अमेरिकन कुटुंबाचा हिशेब आपल्याला लागू नाही, हे आईने पहिल्याच दिवशी सिद्ध केलं.

एवढं सगळं झाल्यावर मला स्वस्थ बसवेना. चार डीएस१८बी२० सेन्सर मागवले. छोट्या धातूच्या टोपणातला हा सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो आणि पाण्याला दाद देत नाही. एक टाकीला, एक झडपेच्या पेटीत, एक मागच्या बाथरूमच्या नळीला, एक खोलीत. चारही एका ईएसपी३२ बोर्डाला जोडले आणि आकडे फोनवर येतील असं केलं. बायको म्हणाली, “ऑफिसात डॅशबोर्ड, आता गाडीच्या पोटातही डॅशबोर्ड.” मी म्हटलं, बाबांसाठी आहे. यावर ती काही बोलली नाही.

पहिली परीक्षा दारातच घेतली. रात्री कॅम्पर सुरू ठेवला आणि आम्ही घरात झोपलो. बाहेर उणे अकरा. खोलीत अठरा, टाकीला नऊ, झडपेला चार. मन भरून आलं. मग बाथरूमच्या नळीचा आकडा पाहिला: उणे एक. सगळं करूनही एक कोपरा तसाच. दुसऱ्या दिवशी हात घालून चाचपलं, तर गरम हवेची नळी मधल्या टाकीपाशीच संपत होती आणि मागे वारा पोचतच नव्हता. नळी चार फूट वाढवली. बाथरूमच्या कपाटाच्या तळाशी एक भोक पाडून त्यात कॉम्प्युटरचा जुना बारा व्होल्टचा पंखा बसवला. तो खोलीतली ऊब खाली ढकलतो. दुसऱ्या रात्री तिथे पाच अंश. हा आकडा मोजला नसता तर मी आई-बाबांना घेऊन तसाच निघालो असतो.

गॅसचं सोपं आहे, पण इंदूरहून लडाख-स्पितीला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. इथल्या सिलिंडरमध्ये जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो. तो उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायू होऊ शकतो. आपल्या घरगुती एलपीजीमध्ये ब्युटेनही भरपूर असतो, आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतो. सिलिंडर जड लागतो पण शेगडी मंद जळते, ती यामुळे. त्याला गरम करायला खाली आग-बिग लावू नका, सिलिंडर बदला किंवा उबेत ठेवा. आणि कॅम्पर असो की तंबू, बंद जागेत ज्वाला असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. मी दोन लावले आहेत.

आई-बाबा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. जेट-लॅग उतरल्यावर एका शुक्रवारी आम्ही म्युलर स्टेट पार्कला निघालो. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पश्चिमेला, नऊ हजार फुटांच्याही वर. पाणी घरूनच भरून घेतलं, कारण हिवाळ्यात अशा ठिकाणी जागेवरचे नळ बहुधा बंद असतात. वाटेत नळ्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. टाकीला काही होत नाही, नळ्यांना होतं. पोचल्यावर आधी फर्नेस, तासाभराने पंप.

पहिली रात्र उणे चौदा आणि काहीही झालं नाही. आईने सकाळी नळाखाली हात धरला, पाणी आलं, तिने पोहे भिजवले. एवढ्याचसाठी मी महिनाभर पाठीवर झोपलो होतो. खिडकीतून पाइक्स पीक दिसत होतं, पांढरंशुभ्र. बाबा दुपारभर बर्फात नातीबरोबर खड्डे खणत बसले.

दुसऱ्या रात्री चारला फोन वाजला. टाकीचा आकडा अजून आठ, पण बाथरूमची नळी पाचावरून दोनवर आली होती आणि उतरतच होती. फर्नेसचा पंखा चालू होता, हवा थंड. गॅस संपला. आमच्याकडे दोन सिलिंडर असतात, आणि एक संपला की यंत्र आपोआप दुसऱ्यावर जातं. पण दुसऱ्याचा खटका उघडा असेल तर. तो मी उघडलाच नव्हता! एवढे सेन्सर, एवढा फोम, आणि खटका बंद. हिशेब तर मला तोंडपाठ होता: आमची फर्नेस सलग चालली तर तासाला सहाशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते, नऊ किलोचा सिलिंडर चौदा-पंधरा तास. मधे मधे बंद होत होत तो दीड दिवस पुरला होता आणि बरोबर पहाटे चारला संपला.

जॅकेट चढवून बाहेर पडलो तर मागून बाबा, लोकरीची टोपी, आईची शाल आणि हातात टॉर्च. मी म्हटलं, “तुम्ही कशाला उठलात?” म्हणाले, “मी उठलेलोच होतो. पाणी होतं हं, चांगलं.” बाहेर उणे सतरा. खटका बर्फाने आखडलेला, हातमोजे घालून फिरेना. हातमोजे काढून फिरवला. बाबा टॉर्च धरून उभे, एक शब्द नाही. आत येऊन फर्नेस पुन्हा सुरू केली, दोनदा नुसतीच टिकटिकली, तिसऱ्यांदा पेटली. मग आम्ही दोघं ओट्याला टेकून फोनवर तो आकडा बघत बसलो. एक पूर्णांक पाच. एक. एक. बराच वेळ एक. मग दीड. तीनवर गेला तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, “चहा करायचा का?”

रविवारी निघण्याआधी टाक्या रिकाम्या करायच्या होत्या. आत भिंतीवरच्या पट्टीवर ग्रे टँकचे सगळे दिवे पेटलेले, म्हणजे टाकी भरलेली. मी म्हटलं, आईची भांडी. बाबांनी झडपांजवळचं ते झाकण उघडलं, हात आत घातला आणि बोटाच्या पेराने टाकीवर वाजवून पाहिलं. वर, मधे, खाली. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि गच्चीवरची काळी टाकी किती भरली ते बाबा माझ्या लहानपणापासून असंच वाजवून सांगतात.

“अर्धी आहे,” ते म्हणाले. “तुझे दिवे खोटं बोलतायत.”

साबणाचा आणि तेलाचा थर आतल्या खिळ्यांवर बसला की हे दिवे भरलेलीच दाखवतात, हे मला नंतर कळलं. झडप उघडली. टाकी अर्धीच होती.